यंत्राची किंमत आणि कामाची किंमत

(ऊस विकास अधिकारी, शेती विभाग)



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खत आणि पाणी यांवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. या अंकात मात्र आम्ही जरा परक्या शिवारात शिरणार आहोत. विषय कागदाचा आहे. परंतु हा कागद आपल्या उसाच्या पैशाचा असल्याने तो आपल्यापुढे मांडणे आम्हांस जरूर वाटते.

गेल्या वार्षिक सभेत मागच्या रांगेतून एक सभासद उठले आणि म्हणाले, "साहेब, गाडी काट्यावर चढली की पाच मिनिटांत वजन कळतंय. मग बिलात चूक निघाली तर दुरुस्तीला महिना कशापायी लागतो?" सभेत हशा झाला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे खरे उत्तर असे की, काट्यावर संगणक आहे, शेती विभागात नोंदीचा संगणक आहे आणि बिलाच्या टेबलावरही संगणक आहे, पण या तिघांची आपसात बोलचाल नाही. मधे माणूस बसलेला आहे. तो एकाचा कागद वाचतो आणि दुसऱ्यात टाइप करतो. पुढे सोसायटीची वसुली, तोडणी-वाहतुकीची बिले, बँकेची यादी या प्रत्येक ठिकाणी तेच आकडे पुन्हा टाइप होतात. एक टन ऊस शेतातून गव्हाणीत एकदाच जातो. त्याचा आकडा मात्र चार-पाच वेळा हाताने उचलून ठेवला जातो.

ही साखळी एकसंध करावी, नोंदीपासून बँकेच्या यादीपर्यंत आकडा आपोआप पुढे सरकावा, असा विचार संचालक मंडळाने केला व त्यासाठी छोटी समिती नेमली. नोंदी आमच्या विभागाच्या, म्हणून आम्हांलाही तीत घेतले. एका कंपनीचे दरपत्रक आले. चांगले अकरा पानी, गुळगुळीत कागदावर. सर्व्हर किती, प्रिंटर किती, चिटबॉयच्या हातातील मोबाईल किती, सगळ्याची किंमत पैशापर्यंत दिलेली. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : ‘माहितीची पूर्वतयारी ग्राहकाने करावयाची आहे.’ तिच्यापुढे आकडा नव्हता. आम्ही ती ओळ वाचली आणि पान उलटले. खोटे कशाला सांगावे, ती ओळ म्हणजे काय हे तेव्हा आम्हांला कळलेच नाही. ते कळले चिंचणीला.

चिंचणी म्हणजे पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्याचे समुद्रकाठचे गाव. २०१४ पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. शेजारी तारापूर, जिथे १९६९ पासून अणुवीज तयार होऊ लागली, आणि आत बोईसरच्या बाजूला तारापूर औद्योगिक वसाहत. आमची धाकटी बहीण तिथे दिलेली आहे. भाचीच्या साखरपुड्यासाठी आम्ही बोईसरला गाडीतून उतरून एसटीने चिंचणी गाठली. बहीण दारातच म्हणाली, "दादा, उसाचे साहेब आलात खरे, पण आमच्याकडे रसवंतीपुरताही ऊस नाही हो." खरेच नाही. मागच्या बाजूला वाणगावची मिरची, पुढे घोलवडचा चिकू आणि समोर समुद्र. ऊस विकास अधिकाऱ्याला तिथे काम नाही.

भाचा मात्र बोईसरला एका सीएच्या कार्यालयात नोकरीस आहे. औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांचे, दुकानदारांचे, वाहतूकदारांचे हिशेब हे कार्यालय लिहिते. सीए साहेबांसह आठ माणसे. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी बोलता बोलता त्या अकरा पानी दरपत्रकाचा विषय निघाला. भाचा म्हणाला, "मामा, आमच्याकडे हाच खेळ होऊन गेलाय. एकदा फसलो, दुसऱ्यांदा जमलं. साहेबांना भेटा." म्हणून आम्ही गेलो.

या कार्यालयाचे काम थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे ध्यानात येईल. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याने आपली विक्री पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत सरकारी पोर्टलवर चढवायची. १४ तारखेला प्रत्येक खरेदीदाराच्या नावाने एक यादी आपोआप तयार होते : अमक्याने तुम्हांला इतका माल विकला, त्यावर इतका कर. मग खरेदीदाराने आपल्या वहीतील खरेदी त्या यादीशी ताडून पाहायची आणि २० तारखेपर्यंत कर भरून विवरण द्यायचे. यादीत नाही त्या बिलावरच्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे १४ ते २० या सहा दिवसांत या आठ माणसांनी सगळ्या ग्राहकांच्या सगळ्या खरेदी-बिलांचा मेळ घालायचा. आपल्याकडे हंगाम वर्षातून एकदा येतो, यांचा दरमहा येतो.

बिले येतात कशी? कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून आणून टाकतो, कोणी मोबाईलवर तिरके फोटो पाठवतो, कोणी ‘उद्या देतो’ म्हणतो. हिशेब लिहायचे सॉफ्टवेअर त्यांच्याकडे अर्थातच आहे. टॅली तर या देशात १९८६ पासून आहे आणि आज खेड्यातल्या खताच्या दुकानातही सापडते. पण टॅलीत आकडा जाण्याआधी आणि टॅलीतून निघाल्यानंतर जे हातकाम आहे, ते आपोआप व्हावे ही त्यांची गरज होती. नेमकी आपलीच.

पहिल्या वेळी साहेबांनी काय केले? एक विक्रेता आला, त्याने बिलाचा फोटो यंत्रापुढे धरताच सगळे आकडे टपाटप भरून दाखवले. साहेब खूश झाले, वर्षाचे पैसे भरले. तीन महिन्यांत ते यंत्र बंद पडल्यातच जमा झाले. यंत्र वाईट नव्हते. पण एकाच पुरवठादाराचे नाव यांच्या जुन्या खात्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेले होते. एकदा पूर्ण, एकदा आद्याक्षरांनी, एकदा चुकीच्या स्पेलिंगने. यंत्र प्रत्येकाला वेगळा माणूस समजे आणि चौथे खाते उघडून मोकळे होई. मुले पुन्हा हाताने लिहू लागली, कारण २० तारीख थांबत नाही. साहेब आम्हांला म्हणाले, "पैसे गेले त्याचं काही नाही. पण त्या तीन महिन्यांत दोन चांगली मुलं नोकरी सोडून गेली. रात्री दहापर्यंत बसून यंत्राच्या चुका काढत होती बिचारी."

दुसऱ्या वेळी त्यांनी दरपत्रक मागवण्याआधी एक शंभर पानी वही आणली. महिनाभर प्रत्येकाने दर अर्ध्या तासाला आपण काय केले ते एका ओळीत लिहायचे. बस्स, एवढेच. मुलांनी कुरकुर केली, पण लिहिले. महिनाअखेर बेरीज केली तेव्हा साहेबांची समजूत उलटी ठरली. सगळ्यांना वाटत होते की वेळ टायपिंगमध्ये जातो. वह्यांत दिसले की टायपिंगपेक्षा जास्त वेळ दोनच गोष्टींत जातो : ग्राहकांना फोन करकरून कागद मागवण्यात, आणि न जुळणारे बिल शोधण्यात. पहिल्या खेपेला यांनी यंत्र घेतले होते ते टायपिंगचे!

म्हणजे दुखणे गुडघ्याला आणि पट्टी कपाळाला. आम्ही हे ऐकले आणि मनातल्या मनात आपल्या समितीच्या बैठका आठवल्या. आम्ही चार बैठकांत सर्व्हर किती जीबीचा यावर बोललो होतो. आपले कारकून दिवसाचा वेळ कशात घालवतात हे एकदाही विचारले नव्हते.

मग साहेबांनी अंदाजपत्रक मांडले ते असे. आधी कामाचे तास आणि त्यांची किंमत. मग खाती साफ करण्याचा खर्च. हे काम मोसम नसताना, जादा तासांचे पैसे देऊन करायचे, कोणाच्या रविवारावर फुकट लादायचे नाही. मग दोन महिने जुनी आणि नवी दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवायच्या, त्याचे तास. मग शिकवणी. मग दरवर्षीचे शुल्क. यंत्राची किंमत सर्वांत शेवटी. आणि वर थोडी रक्कम अडीनडीला बाजूला. ती कशाला, असे आम्ही विचारले. साहेब म्हणाले, "सरकारचा नियम बदलला तर?" आणि त्यांनी उदाहरण दिले. ई-इन्व्हॉइस म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल. ते १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले तेव्हा ५०० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असणाऱ्यांनाच लागू होते. बोईसरच्या लहान कारखानदाराला वाटले, आपला काय संबंध? मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली आणि यांचे कितीतरी ग्राहक तीत सापडले. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या यंत्रात ती सोय नसेल, तर ती पुन्हा विकत घ्यावी लागते.

संध्याकाळी चिंचणीला परतलो. बहिणीच्या शेजारी एक डायमेकर राहतात. चिंचणी आणि आसपासच्या गावांत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी कोरायची. सोनार त्यावर पत्रा ठेवून ठोकतो आणि नक्षी पत्र्यावर उठते. आम्ही बराच वेळ त्यांच्यापाशी बसलो. नजर भिंगातून, हात स्थिर, आणि कामाचा वेग इतका सावकाश की बघणाऱ्याचा धीर सुटावा. पोलादाला पाणी देण्याआधी ते मऊ मेणावर ठसा उठवून बघत होते. एक पाकळी किंचित बारीक उठली, तर तासभर पुन्हा तिच्यावर. आम्ही म्हटले, "कोणाच्या लक्षात येणार आहे?" ते मान वर न करता म्हणाले, "एका डायवर किती दागिने निघतात ठाऊक आहे का? सगळ्यांवर ही पाकळी अशीच येणार."

आपल्या नोंदवहीचे हेच आहे. आज नाव चुकले तर ते एका कागदावर चुकते, आणि दुसऱ्या टेबलावरचा जुना कारकून ओळखतो की, हा गणपा नव्हे, तो गणपा. साखळी आपोआप झाली की तो कारकून मधून निघाला. मग चुकीचे नाव काट्यावर, बिलात, वसुलीत आणि बँकेत एकाच रात्रीत पोहोचणार.

इथे आम्हांस आमच्याच विभागाची एक चूक कबूल करावयाची आहे. काही हंगामांपूर्वी एकाच गावात एकाच नावाचे दोन सभासद होते. वडिलांचे नाव वेगळे, पण नोंदीत ते अर्धवट लिहिले गेले. नोंद चिटबॉयने आणली, तपासून सही आम्ही केली. एकाच्या खोडव्याचे बिल दुसऱ्याच्या खात्यावर गेले. ज्यांचे गेले त्या भगिनी होत्या, पती वारलेले, जमिनीला वारसनोंद लागलेली पण आपल्या वहीत जुनेच नाव. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावयास हवेत आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज. त्यांना पैसे मिळाले ते त्याच्या कितीतरी नंतर, आणि मधल्या काळात मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांना उसनवार करावी लागली. त्या आमच्या कार्यालयात आल्या तेव्हा भांडल्या नाहीत. "साहेब, सही तुमचीच हाय न्हवं?" एवढेच विचारून बसून राहिल्या. होती, आमचीच. नवे यंत्र असते तर हेच बिल त्याच चुकीच्या खात्यावर अधिक लवकर गेले असते.

आता उसाच्या जगातले एक उदाहरण पाहू. वारणेचे नाव आपणां सर्वांस माहीत आहे. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या संस्था यांनी मिळून ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. कोल्हापूर-सांगली भागातील सुमारे ७० गावे त्यात होती. गावात संगणक केंद्र, तिथे उसाची नोंद, तोडणीचा क्रम, वजन, बिल हे सगळे शेतकऱ्याला मिळावे, शिवाय बाजारभाव आणि शेतीची माहितीही मिळावी, असा मोठा बेत होता. त्या काळी खेड्यात धड टेलिफोन नव्हता. तेव्हा एवढे धाडस करणाऱ्यांचे कौतुकच केले पाहिजे. पुढे काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी त्या केंद्रांचा वापर पाहिला. त्यांना असे आढळले की, इतक्या मोठ्या संगणकांवर प्रत्यक्षात गाव आणि कारखाना यांच्यातील उसाची मोजकीच माहिती ये-जा करते. मग त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून पाहिला. तेच काम झाले, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना तो जास्त सोयीचा वाटला.

यावरून कोणी वारणेला नावे ठेवू नयेत. आमच्या दृष्टीने मुद्दा एवढाच आहे की, कोणते काम किती वेळा होते हे मोजल्यावर यंत्राचा आकार ठरतो. बोईसरच्या शंभर पानी वहीने जे सांगितले, तेच वारणेच्या सात गावांनी सांगितले.

दुसरे उदाहरण आपल्या सोसायट्यांचे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी २,५१६ कोटी रुपये, त्यात केंद्राचा वाटा १,५२८ कोटी. भागाकार केला तर दर सोसायटीमागे जवळपास ४ लाख रुपये येतात. एक संगणक आणि एक प्रिंटर ४ लाखांना येत नाही, हे आपणांस ठाऊक आहे. मग बाकी पैसे कशाला? मंजुरीतच ते लिहिले आहे : सर्वांसाठी एक सामाईक सॉफ्टवेअर, माहितीची साठवण व सुरक्षा, जुन्या नोंदी संगणकात आणणे, देखभाल आणि प्रशिक्षण. शिवाय सुमारे २०० सोसायट्यांच्या गटामागे मदतीची व्यवस्था. जुन्या नोंदींची ओळ सरकारने खर्चात धरली. आपल्या अकरा पानी दरपत्रकात ती ग्राहकाच्या, म्हणजे आपल्या, डोक्यावर बिनआकड्याची होती.

तेव्हा आम्ही परत आल्यावर आकडेमोड केली. खालचे आकडे आपल्या कारखान्याचे नाहीत, समजण्यासाठी घेतलेले गोल आकडे आहेत. खरे आकडे मोजणी झाल्यावर येतील.

समजा, सहा कारकून हंगामात रोज प्रत्येकी तीन तास एका कागदावरून दुसऱ्या कागदावर आकडे उतरवतात. दिवसाचे १८ तास, १२० दिवसांच्या हंगामाचे २,१६० तास. तासाला १५० रुपये धरले तर ३,२४,००० रुपये. यातले सगळे काम यंत्र घेत नाही, तपासणी उरतेच. दोन तृतीयांश वाचले असे धरू : २,१६,००० रुपये. यंत्रसामग्री व सॉफ्टवेअर समजा ६ लाख. विक्रेता इथेच भागाकार करतो आणि सांगतो, ‘पावणेतीन वर्षांत पैसे वसूल.’ ऐकायला गोड आहे.

आता राहिलेल्या ओळी भरू. सभासद समजा ९,०००. प्रत्येकाचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, वारस, बँक खाते तपासायला पंधरा मिनिटे. २,२५० तास, म्हणजे ३,३७,५०० रुपये. जुनी-नवी पद्धत बरोबर चालवायला सहा जणांना रोज दोन तास जादा, ५० दिवस : ६०० तास, ९०,००० रुपये. सुरुवातीचा खर्च झाला १०,२७,५००. वर दरवर्षीचे शुल्क व देखभाल समजा १ लाख, ते बचतीतून वजा. निव्वळ बचत उरली १,१६,०००. भागाकार करा. जवळजवळ नऊ वर्षे! नऊ वर्षांत तो मोबाईल चिटबॉयच्या खिशात राहील का, हे आपणच सांगा.

समितीत आम्ही हे मांडले तेव्हा एक संचालक म्हणाले, "मग घेऊच नये म्हणता?" तसे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, कारकुनांचा पगार वाचेल म्हणून घ्यायचे असेल तर घेऊ नये, कारण तो फारसा वाचत नाही. घ्यायचे तर बिल बरोबर आणि वेळेत निघावे म्हणून घ्यावे. तो हिशेब वेगळा आहे. एक लाखाचे बिल चुकीमुळे एक महिना अडकले तर १५ टक्क्यांनी १,२५० रुपये व्याज होते. अशी १०० बिले अडकली तर १,२५,०००, म्हणजे वरच्या निव्वळ वार्षिक बचतीपेक्षा जास्त. आणि त्या भगिनींनी केलेली उसनवार कोणत्याच रकान्यात बसत नाही.

पण चुका कमी होण्याचा फायदा तेव्हाच मिळणार, जेव्हा ते ३,३७,५०० रुपयांचे साफसफाईचे काम मनापासून होईल. नेमकी हीच ओळ काटकसरीच्या नावाखाली आधी खोडली जाते. सभेत कोणी म्हणेल, ‘माणसे आपलीच आहेत, करतील की फावल्या वेळात.’ करीत नाहीत. फावला वेळ हंगामात नसतो, आणि हंगाम संपला की माणसे थकलेली असतात. आमच्या विभागातील लोकांची नावे घेत नाही, पण गेल्या मार्चमध्ये त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळे आपण पाहिली असतील.

कारकुनांबद्दल आणखी थोडे. यंत्राची बातमी फुटल्यापासून त्यांच्यात कुजबुज आहे, आणि ती असणारच. बँकांत संगणक यायच्या वेळीही होती. तिथे १९८३ च्या सप्टेंबरात बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात रीतसर करार झाला, आणि मग यंत्रे आली. आपल्याकडेही यंत्राची ऑर्डर जाण्यापूर्वी लेखी ठरावे की, वाचलेल्या तासांचे काय करायचे. आमचे मत विचाराल तर तो वेळ गावात जावा. आज सभासदाला शंका आली तर तो कारखान्यावर येतो, दिवस मोडतो, गाडीभाडे घालतो. टायपिंगमधून सुटलेला कारकून आठवड्यातून दोन दिवस गट ऑफिसात बसला तर त्या शंका तिथेच मिटतील. शिवाय जुन्या नोंदी साफ करण्याचे काम या लोकांशिवाय होणारच नाही. कोणत्या वाडीत एकाच नावाचे तीन सभासद आहेत, कोणाची वाटणी झाली पण कागद झाला नाही, कोणाचे क्षेत्र विहिरीच्या वादात अडकले आहे, हे त्या गुळगुळीत कागदाच्या कंपनीला कोण सांगणार?

समितीने तूर्त असे ठरवले आहे. दरपत्रकावर सही करण्याचे थांबवले आहे. कंपनीला कळवले आहे की, जुन्या नोंदी आणणे, शिकवणी, दोन्ही पद्धती चालवण्याच्या काळातील मदत आणि पाच वर्षांचे वार्षिक शुल्क, या प्रत्येकापुढे आकडा घालून पत्रक पुन्हा द्यावे. करार मोडल्यास आपली माहिती आपल्याला वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, हेही लिहून मागितले आहे. इकडे शेती विभाग, काटा आणि बिल विभागातील सर्वांना वह्या दिल्या आहेत. अर्ध्या तासाला एक ओळ. आम्हीही लिहितो. पहिल्याच आठवड्यात आमच्या लक्षात आले की, आमचा बराच वेळ फोनवर ‘माझी तोड कधी?’ याला उत्तर देण्यात जातो. या एका प्रश्नासाठी ६ लाखांचे यंत्र लागेल की वारणेसारखा साधा एसएमएस पुरेल, ते वह्या भरल्यावर पाहू.

आणि एक गट निवडून त्यातील सर्व सभासदांची खाती प्रत्यक्ष तपासून पाहणार आहोत. एका खात्याला पंधरा मिनिटे लागतात की चाळीस, हे त्यातून कळेल आणि मग अंदाजपत्रकात खरा आकडा घालता येईल. काम हंगामापूर्वी उरकायचे आहे. कोणता गट, ते गट ऑफिसच्या फळ्यावर लावले जाईल. त्या गटातील सभासदांनी चालू सात-बारा, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन यावे. नाव सात-बारावर जसे आहे तसेच पासबुकावर आहे का, एवढे घरून निघतानाच पाहून घ्यावे. वाटणी झाली असेल तर भावांनी एकत्र यावे, म्हणजे पुन्हा खेप पडणार नाही. आणि ज्या घरातील कर्ता माणूस गेला आहे व वहीत अजून त्यांचेच नाव आहे, अशा भगिनींनी रांगेत उभे राहू नये. सरळ आमच्या टेबलापाशी यावे. वारसनोंदीचा अर्ज आम्ही भरून देऊ. सही करण्याआधी तो मोठ्याने वाचूनही दाखवू.